परदेशी तेल आणि हिंगणघाटची पऱ्हाटी

आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलाच्या शंभर भागांपैकी सुमारे सत्त्याऐंशी भाग परदेशांतून आणावे लागतात. २०२३-२४ या एका वर्षात २३ कोटी टनांहून अधिक कच्चे तेल आपण बाहेरून आणले आणि त्यापोटी सुमारे १३,००० कोटी डॉलर मोजले. या आकड्यांची आपल्याला इतकी सवय जडली आहे की त्यांतील नामुष्की आता कोणाला बोचेनाशी झाली आहे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसले आणि अवघ्या काही महिन्यांत तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. १९९० साली इराकने कुवेत गिळंकृत केले. आधीच खिळखिळ्या झालेल्या आपल्या गंगाजळीला त्या धक्क्याने गळती लागली आणि पुढच्याच वर्षी देशाचे सोने गहाण टाकण्याची पाळी सरकारवर आली. २०२२ साली युक्रेनच्या भूमीवर तोफा धडाडू लागल्या आणि तेलाच्या किमतीने पुन्हा शंभर डॉलरची मर्यादा ओलांडली. भांडण दुसऱ्यांचे, रणांगण दुसऱ्यांचे. दंड मात्र भरावयाचा आमच्या शेतकऱ्याने, आमच्या मालमोटारवाल्याने आणि महिन्याच्या पगारात घर चालविणाऱ्या आमच्या गृहिणीने! हे दास्य झुगारून देण्याचा कोणताही प्रामाणिक प्रयत्न आम्हांला स्वागतार्हच वाटेल.

असा एक प्रयत्न हायड्रोजनच्या नावाने सध्या चालू आहे. ३० मार्च २०२२ रोजी नागपूरचे खासदार व केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीत बसून संसद भवनात गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. ती मोटार जपानच्या टोयोटा कंपनीची होती. पुढे ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेस मंजुरी दिली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन देशात निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनानेही आपले स्वतंत्र धोरण संमत करून त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद केली. घोषणांची वाण नाही, पैशाचीही फारशी वाण दिसत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की, हा पैसा कोणत्या वाटेने जाणार आणि त्यातून तेलाचे दास्य खरोखर कमी होणार की केवळ धनी बदलणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर आधी मूळ वस्तू समजून घेतली पाहिजे. हायड्रोजन आणि हवेतील प्राणवायू यांचा संयोग ज्वाळेविना घडवून आणावयाचा आणि त्यातून वीज काढावयाची, हे इंधन घटाचे तत्त्व आहे. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ सालीच असा घट करून दाखविला होता. पुढे अमेरिकेच्या जेमिनी व अपोलो यानांत याच घटांनी वीज पुरविली आणि चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांना पिण्याचे पाणीही त्यांतूनच मिळाले. कारण या घटातून धुराऐवजी पाणी बाहेर पडते. मोटारीत असा घट बसविला की त्याच्या विजेवर ती चालते, आणि टाकी भरण्यास काही मिनिटे पुरतात. आमच्या महाराष्ट्रातही या विद्येची उपासना झालेली आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तेथीलच केपीआयटी ही कंपनी यांनी २०२० साली स्वदेशी इंधन घटावर मोटार चालवून दाखविली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी अशाच घटावर चालणारी बस पुण्यात लोकांसमोर आणली. या कामगिरीचा आम्हांस अभिमान वाटतो.

परंतु खरी मेख पुढेच आहे. हायड्रोजनची खाण कोठेही खणून मोटारीला पुरेल असा हायड्रोजन आज आपल्या हाती येत नाही. तो दुसऱ्या कशातून तरी काढावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. म्हणजे हायड्रोजन हा झरा नसून ती घागर आहे. घागरीत काय येणार ते ती कोणत्या विहिरीवर भरली यावर अवलंबून राहणार. आज आपल्या देशातील खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण कारखाने जो हायड्रोजन वापरतात तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढलेला असतो, आणि त्या वायूचा निम्म्याच्या आसपास भागही पुन्हा परदेशांतूनच येतो. तसला हायड्रोजन मोटारीत भरणे म्हणजे तेलवाल्याची उधारी वायूवाल्याच्या वहीत लिहून घेणे होय. दुसरा मार्ग पाण्याचे विजेने विघटन करण्याचा. परंतु ती वीज जर कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशातून यावयाची असेल, तर नळीतून धूर निघाला नाही तरी तो धुराड्यातून निघणारच.

हिशेबाची दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून टाकीत भरण्यास आणखी लागते ती वेगळीच. एवढ्या हायड्रोजनवर एक लहान मोटार सुमारे १०० किलोमीटर जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर तेवढ्याच अंतराला १८ ते २० युनिट पुरतात. जे काम एका रुपयात होते त्यास तीन रुपये मोजण्याची ही चैन आपल्यासारख्या देशाला परवडणारी नाही. सधन देशांचा अनुभवही याहून निराळा नाही. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने मोटारींसाठी उघडलेली आपली हायड्रोजन भरण्याची केंद्रे फेब्रुवारी २०२४ मध्ये कायमची बंद केली. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, घरगुती मोटार, दुचाकी आणि शहरातली बस यांच्यासाठी बॅटरी हाच मार्ग होय. राजधानीत मिरवण्यासाठी हायड्रोजनच्या चार मोटारी ठेवल्याने तेलाच्या आयातीचा एक थेंबही कमी होणार नाही.

मग हायड्रोजनच्या या सगळ्या खटाटोपाला काही अर्थच नाही काय? आहे, आणि तो पाहावयाचा असेल तर हिंगणघाटला जावे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ या गावाजवळून जातो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देशाची उभी लांबी जोडणारा हा रस्ता. रात्रंदिवस त्यावरून अवजड मालमोटारी धावत असतात. माल लादलेली अशी एक मोटार नागपूरहून हैदराबादपर्यंतच्या सुमारे ५०० किलोमीटरांत सव्वाशे ते दीडशे लिटर डिझेल सहज पिते. या मोटारींचे वजन, त्यांचे पल्ले आणि त्यांच्या मालकांना असलेली वेळेची निकड पाहता, कित्येक टनांची बॅटरी वाहून नेणे आणि ती भरत तासन्‌तास उभे राहणे त्यांना परवडणे कठीण आहे. इंधन घटाचे खरे स्थान येथे आहे. बॅटरीचे शास्त्रही पुढे जात आहे आणि उद्या ती येथेही बाजी मारील, हे अशक्य नाही. पण ते ठरविण्यासाठी दोहोंची कसोटी याच रस्त्यावर लागावयास हवी.

मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने हायड्रोजनवर चालणाऱ्या ३७ बस व ट्रक आणि ९ भरणा केंद्रे यांच्या चाचणीस मंजुरी दिली. त्यासाठी देशातील दहा मार्ग निवडले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला पुणे-मुंबई हा मार्ग आला; विदर्भाच्या वाट्याला काही आले नाही. पुणे-मुंबई रस्त्याशी आमचे वैर नाही. परंतु देशाच्या मध्यभागी उभी-आडवी वाहतूक जेथे एकमेकींना छेदते, तो नागपूरचा परिसर चाचणीसाठी योग्य नाही असे म्हणण्यास कोणते शास्त्रीय कारण आहे, हे आम्हांस समजून घ्यावयास आवडेल.

आम्ही हिंगणघाटचे नाव घेतो ते केवळ रस्त्यामुळे नव्हे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून उपाशी पडल्या तेव्हा वणा नदीकाठच्या या गावाचे नाव विलायतेच्या बाजारात कापसाची एक जात म्हणून घेतले जाऊ लागले. पुढे वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळशापर्यंत आगगाडीचा फाटा नेला गेला तो याच गावावरून. गावात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले. परंतु या साऱ्या काळात एक गोष्ट बदलली नाही. कापूस येथून गेला आणि त्याचे मोल दुसरीकडे ठरले. कोळसा याच खोऱ्यातून गेला आणि त्याची ऊब दुसऱ्यांना मिळाली. पांढरे सोने पिकविणाऱ्या मुलखात शेतकऱ्याने कर्जापायी जीव द्यावा, हे विदर्भाचे दुर्दैव साऱ्या देशाने पाहिले आहे. नव्या इंधनाच्या युगातही आपण केवळ जमीन देणारे, पाणी देणारे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून गाड्या मोजणारे राहणार काय?

या प्रश्नाला हिंगणघाटच्या शेतातच एक उत्तर उभे आहे. कापसाची वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उरते. एका हेक्टरात साधारणपणे दोन ते तीन टन. तिच्यातली थोडी चुलीत जाते आणि बरीचशी बांधावर पेटवून दिली जाते. लाकडासारखा हा काडीकचरा मर्यादित प्राणवायूत आणि वाफेत तापविला तर त्यातून हायड्रोजनयुक्त वायू निघतो. ही काही परीकथा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडे लाकडी कोळशाच्या वायूवर बसगाड्या धावत होत्या आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या मागे लावलेल्या त्या भट्ट्यांच्या गोष्टी पुढील पिढीला सांगितल्या आहेत. त्या वायूतही हायड्रोजन होताच. आता बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी एक किलो सुक्या काडीकचऱ्यातून १०० ग्रॅम हायड्रोजन मिळविण्याची रीत सिद्ध केली आहे. प्रत्यक्ष कारखान्यात हे प्रमाण तीस टक्क्यांनी कमी भरले असे धरले, तरी एका हेक्टराच्या पऱ्हाटीत अवजड ट्रकच्या हिंगणघाट ते हैदराबाद अशा तीन-चार खेपा दडलेल्या आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची जी व्याख्या जाहीर केली, तीत पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनबरोबर अशा जैविक पदार्थांपासून काढलेल्या हायड्रोजनलाही स्थान आहे. उसापासूनच्या मद्यार्काला पेट्रोलमध्ये वीस टक्के जागा करून देणारे सरकार कापसाच्या काडीला जागा देऊ शकत नाही असे नाही.

पऱ्हाटी उचलण्यात शेतकऱ्याचे दुसरेही हित आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या कापसाची जी धूळदाण केली ती अद्याप कोणी विसरलेले नाही. फरदड घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर काढा, असे कृषिशास्त्रज्ञ तेव्हापासून कानीकपाळी ओरडत आहेत. कारण अळीला पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो तो त्या उभ्या पऱ्हाटीत आणि तिच्यावर राहिलेल्या बोंडांत. परंतु पऱ्हाटी उपटण्याची मजुरी पदरची घालून हा उपदेश पाळणे अनेकांना जमत नाही. तिला वेळेवर रोख भाव मिळू लागला, तर जे काम शंभर व्याख्यानांनी झाले नाही ते एका काट्यावरच्या पावतीने होईल.

या योजनेवर आक्षेप घेतले जातील हे आम्ही जाणतो. किंबहुना ते घेतले गेलेच पाहिजेत. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. लांबून वाहून आणली तर डिझेलचाच खर्च वाढेल. म्हणून कारखाना लहान असावा आणि वीस-पंचवीस किलोमीटरांच्या टापूतूनच माल घ्यावा. ज्या गरीब घरांची चूल पऱ्हाटीवर पेटते त्यांच्या तोंडचे जळण काढून मालमोटारीला घालणे हे पाप ठरेल. त्या घरांचा वाटा आधी राखला पाहिजे. जमिनीतून सर्वच काडी उचलली तर तिचा कस जाईल, म्हणून काही भाग बारीक करून शेतातच गाडला पाहिजे आणि भट्टीत उरलेला कोळसा व राख पुन्हा शेतात गेली पाहिजे. काडीकचऱ्याच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याचा लवलेशही राहिला तर इंधन घटातील प्लॅटिनम निकामी होते. तेव्हा शुद्धीकरणाचे काम जिकिरीचे आणि खर्चाचे आहे. सुरक्षिततेची गोष्ट तर सर्वांत नाजूक. नॉर्वेत ओस्लोजवळच्या हायड्रोजन केंद्रावर जून २०१९ मध्ये जो स्फोट झाला तो निष्काळजीपणाला हा वायू क्षमा करीत नाही हे शिकवून गेला. पाण्याचा प्रश्नही उन्हाळ्यात घशाला कोरड पडणाऱ्या तालुक्याने आधी विचारलाच पाहिजे. हे सारे आक्षेप खरे आहेत. पण ते प्रयोग टाळण्याची कारणे नव्हेत, प्रयोग कसा करावा याच्या त्या सूचना होत.

आणि प्रयोग करावयास वर्धा जिल्ह्याहून अधिक योग्य भूमी कोणती? १९३४ साली महात्माजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला तो वर्ध्यास. तेथल्या मगनवाडीत रॉकेलऐवजी गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ तयार झाला. त्या दिव्याचा उजेड रॉकेलच्या दिव्याहून प्रखर होता की मंद, हा मुद्दा गौण आहे. त्यात भरलेल्या तेलाचा पैसा समुद्रापार जात नव्हता, गावच्या तेल्याकडे आणि शेतकऱ्याकडे राहत होता, हा त्याचा खरा उजेड. त्याच संघाचे सूत्रधार डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन वर्ग केले होते: खनिज तेल व कोळसा यांसारखी एकदाच उपसता येणारी साठ्याची संपत्ती, आणि वर्षानुवर्षे नव्याने येणारी वाहती संपत्ती. साठ्यावर भांडणे होतात, प्रवाहावर संसार चालतो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. खेड्यातल्या दिव्यापासून महामार्गावरच्या ट्रकपर्यंतचे अंतर मोठे आहे हे खरे. पण ज्या कसोटीवर मगनदीप उतरला तीच कसोटी या नव्या इंधनालाही लावली पाहिजे. त्याचा पैसा कोणाकडे जातो आणि त्याची तोटी कोणाच्या हाती राहते?

या कसोटीवर आजचे हायड्रोजन धोरण अपुरे पडते असे आम्हांस म्हणणे भाग आहे. पाण्याचे विघटन करणारी यंत्रे, घटातील पातळ पडदा, कर्बतंतूंच्या टाक्या, प्लॅटिनम हे सारे बाहेरून आणून आपण केवळ जोडणी करीत राहिलो, तर आखातातील शेखांऐवजी अन्य कोणापुढे हात पसरण्याची पाळी येईल. बॅटरीच्या बाबतीत चीनवरचे आपले अवलंबन सर्वांना दिसतेच आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेने घट करून दाखविला; तो कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडेपर्यंत त्याची पाठराखण करणे हे सरकारचे काम. प्रात्यक्षिकाचा दिवस संपला, फीत कापली गेली आणि गाडी वखारीत गेली, असे या प्रयत्नाचे होता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या आहेत. राष्ट्रीय मोहिमेच्या पुढील टप्प्यात नागपूर-हिंगणघाट-हैदराबाद हा मार्ग अवजड ट्रकांच्या चाचणीसाठी निवडावा आणि त्याच रस्त्यावर बॅटरीचे ट्रकही चालवून दोहोंचा खर्च लोकांसमोर मांडावा. हिंगणघाटच्या परिसरात पऱ्हाटीपासून हायड्रोजन काढणारे एक लहान केंद्र राज्याच्या ८,५६२ कोटींतून उभारावे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, पर्यावरणाचे शास्त्र पाहणारी नीरी आणि मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था या तिन्ही संस्था हाकेच्या अंतरावर असताना तज्ज्ञ मिळत नाहीत ही सबब कोणी सांगू नये. त्या केंद्राच्या मालकीत कापूस उत्पादकांच्या सहकारी संस्थेला ठरावीक हिस्सा असावा. पऱ्हाटीचा भाव हंगामापूर्वी जाहीर व्हावा. आणि किती काडी आली, किती पाणी लागले, किती हायड्रोजन निघाला, किलोमागे किती रुपये पडले, याचा हिशेब दर महिन्याला बाजार समितीच्या फलकावर लागावा. तीन वर्षांनी हिशेब तोट्याचा दिसला तर केंद्र खुशाल बंद करावे. जनतेला खरे कळल्याचा तोटा कधीच होत नाही.

एका पऱ्हाटीने देशाची तेलाची गरज भागेल असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. आगगाडीने अधिक माल नेणे, शहरांत बॅटरीची वाहने वाढविणे, खतासाठी लागणारा हायड्रोजन सूर्याच्या विजेवर काढणे, असे अनेक उपाय एकाच वेळी योजले तरच हे परावलंबन ओसरेल. परंतु त्या अनेकांत हाही एक आहे, आणि तो आमच्या दारात आहे. हिंगणघाटच्या शेतकऱ्याने दीडशे वर्षे जगाला कापूस दिला आणि काडी बांधावर जाळली. पुढील वेचणी संपेल तेव्हा ती काडी पुन्हा पेटविली जाणार की तोलली जाणार, याचा निर्णय मुंबईच्या आणि दिल्लीच्या कचेऱ्यांत व्हावयाचा आहे. वऱ्हाड-नागपूरच्या सर्व आमदार-खासदारांनी पक्षभेद बाजूस ठेवून येत्या अधिवेशनात हा प्रश्न एकमुखाने विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू नये, एवढीच आमची त्यांच्याकडून अपेक्षा आहे.